नवरीच्या पायांतील जोडा

हा मथळा वाचून कोणी म्हणेल कीं, मंडळ्यांपुढें इतके गंभीर प्रश्न पडले असतांना नवरीच्या जोड्यांवर लिहिण्याचें काय कारण? आम्हांसही प्रथम तसेंच वाटलें होतें. परंतु गेल्या चैत्रांत पेडगांवच्या एका घरीं आम्ही चार घटका बसलों, आणि उठलों तेव्हां हा प्रश्न लहान नाहीं अशी आमची खात्री झाली होती. ज्यांच्या घरीं येत्या उन्हाळ्यांत लग्न निघावयाचें आहे त्यांनीं तरी हें वाचावें.

पेडगांव म्हणजे भीमाकांठचें, बहादूरगडाचें नव्हे. मनमाडहून परभणीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर परभणीच्या अलीकडे जें लहानसें स्टेशन लागतें तें. भोंवतीं सगळी काळी जमीन. पावसाळ्यांत ती पाय सोडीत नाहीं, दर पावलागणिक वहाणेखालीं चिखलाचा थर वाढत जातो; उन्हाळ्यांत तीच जमीन अशी फाटते कीं भेगेंत काठी घालावी. या जमिनीवर उंच टांचेचा बूट घालून चालणें म्हणजे काय, हें खेड्यांतल्या वाचकांस सांगावयास नको.

त्या घरची मुलगी परिचारिकेचें शिक्षण घेऊन परभणीस एका रुग्णालयांत कामावर आहे. दिवसांतून आठ-नऊ तास ती उभी असते, तेव्हां पाय ही काय वस्तु आहे हें तिला आम्हां सर्वांहून अधिक कळतें. तिचें लग्न ठरलें तें पुण्याकडील एका कारखान्यांत काम करणाऱ्या मुलाशीं. मुलगा सुशील, निर्व्यसनी आणि उंच. इतका उंच कीं मुलगी शेजारीं उभी राहिली म्हणजे त्याच्या छातीला लागते. मुलीच्या मावशीनें आपल्या लेकीच्या लग्नांतला पांढरा झगा पाठवून दिला होता. मावसबहीण हिच्याहून चार बोटें उंच, म्हणून झगा चार बोटें लांब. आणि ती उणीव भरून निघावी म्हणून मावशीनें त्याबरोबर नवे बूटही धाडले होते. पांढरे, चकचकीत, पुढें चोंच काढलेले. टांच मुठीएवढी उंच आणि बोराच्या आठळीएवढी बारीक. किंमत विचारली तेव्हां मुलीचा बाप खालीं पाहूं लागला. सोयाबीनच्या काढणीची आठवडाभराची मजुरी त्या जोडींत गेली होती. मावशीनें झगा प्रेमानें दिला असला तरी बुटांचे पैसे आगाऊ मागून घेतले होते.

मुलीनें ते बूट पायांत चढवून अंगणांत दोन फेऱ्या मारल्या. अंगण सकाळींच सारवलेलें. ती पुढें गेली तशीं मागें टांचेचीं भोंकें पडत गेलीं, जणूं कोणी सरकी टोकीत गेलें आहे. लहान पोरें हंसलीं. मुलगी हंसली नाहीं.

"मास्तर, तुम्हीच सांगा," ती म्हणाली, "ह्या बुटांत मला तासभर उभं राहवणार नाही. मी माझी सपाट चप्पल घातली तर काय बिघडेल? झग्याखाली कोण बघतं?"

"फोटोत दिसतंय की," तिची आई म्हणाली. "आणि तिकडच्या विहीणबाईंनी सांगून ठेवलंय, नवरी नवऱ्याच्या खांद्याला तरी लागली पाहिजे."

मुलीची थोरली बहीण मांडीवर मूल घेऊन इतका वेळ गप्प बसली होती. ती म्हणाली, "माझ्या लग्नात मी एका नंबरानं लहान बूट घातले होते. पाळकसाहेबांनी काय विचारलं, मी काय वचन दिलं, मला काही आठवत नाही. करंगळी तेवढी आठवते."

यावर घरांतील सर्व हंसलीं, परंतु आम्हांस तें वाक्य विसरतां आलें नाहीं. विचार करा. १८७२ च्या ख्रिस्ती विवाहाच्या कायद्यांत पाळक लागतो, निदान दोन साक्षीदार लागतात, सकाळीं सहापासून सायंकाळीं सातपर्यंतची वेळ नेमून दिली आहे. नवरीच्या पोषाखाविषयीं त्यांत एक अक्षर नाहीं. झगा, जाळी, बूट, फुलें हें सर्व आम्हीं वरून घातलें आहे. विवाहविधीच्या पोटांत जें खरें आहे तें त्या दोन-चार वाक्यांत आहे, जीं दोन माणसें एकमेकांस आणि देवास ऐकूं जातील अशीं बोलतात. जी स्त्री आयुष्याचें वचन देत असतां करंगळीवांचून दुसरें कांहीं जाणूं शकत नाहीं, तिच्यापासून आम्हीं काय हिरावून घेतलें बरें? तिनें वचन मोडलें नाहीं, तिचा संसार उत्तम चालला आहे. परंतु त्या दिवसाची तिची आठवण गेली ती गेलीच.

आमच्यांतील कांहीं उपदेशक बंधु येथें घाईनें उत्तर देतील कीं, हा सर्व थाटमाट व्यर्थ आहे, साधें लुगडें नेसावें व अनवाणी उभें राहावें, म्हणजे प्रश्नच उरत नाहीं. त्यांच्याशीं आमचें जमत नाहीं. नवरीला त्या दिवशीं सुंदर दिसावेंसें वाटणें हें पाप नव्हे. यशया संदेष्ट्यानें ज्या स्त्रियांच्या पैंजणांना दोष दिला, त्या गरिबांना लुबाडणाऱ्या घरांतल्या होत्या, हें तो अध्याय मागून वाचीत आलें म्हणजे कळतें. आठ-नऊ तास दुसऱ्याच्या जखमा धुणाऱ्या मुलीनें एक दिवस पांढरा झगा घातला तर तिला पैंजणांचा अध्याय वाचून दाखविणें हें क्रूरपणाचें आहे. शोभा आणि सोय यांचें वैर मुळांत नाहींच. तें कोठून आलें हें मात्र पाहिलें पाहिजे, आणि त्याकरितां थोडें लांब जावें लागेल.

पांढऱ्या झग्याची रीत प्रभु येशूच्या काळची आहे अशी कित्येक भोळ्या माणसांची समजूत आहे. तसें कांहीं नाहीं. युरोपांतही पूर्वी नवरी आपलें जें चांगलें वस्त्र असेल तें घालून लग्नास उभी राही. रंगाचा नेम नसे. १८४० सालीं फेब्रुवारीच्या १० तारखेस इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीनें पांढऱ्या साटिनीचा, हॉनिटनच्या जाळीचा झगा घालून विवाह केला. तिची ती तऱ्हा श्रीमंतांनीं उचलली, त्यांच्यापासून मध्यम स्थितीच्या लोकांनीं, आणि मिशनऱ्यांच्या मडमांबरोबर ती आमच्या मंडळ्यांत आली. आतां गंमत अशी कीं, त्या राणीच्या लग्नांतले जोडे अद्यापि इंग्लंडांत नॉर्दम्प्टनच्या संग्रहालयांत ठेवलेले आहेत, आणि ते सपाट आहेत. पांढऱ्या साटिनीचे, फितीनें पायाला बांधावयाचे, टांच म्हणून नाहीं. राणी ठेंगणी होती. पांच फुटांहून ती फारशी उंच नव्हती. तिला उंच दिसण्याची गरज नव्हती काय? होती; परंतु त्या काळीं स्त्रियांच्या जोड्यांस टांच लावण्याची चाल मागें पडली होती, आणि म्हणून कोणाला ती उणी वाटली नाहीं. ज्या राणीचा झगा आम्ही घेतला तिचे जोडे आम्हीं घेतले नाहींत.

मग टांच कोणाची? इतिहासकार सांगतात कीं, ती मूळ इराणी घोडेस्वारांची. रिकिबींत पाय अडकून राहावा, उभें राहून बाण मारतां यावा, म्हणून त्यांच्या जोड्यांस टांच असे. तेथून ती युरोपांतील सरदारांनीं घेतली. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचें १७०१ सालीं काढलेलें जें प्रसिद्ध चित्र आहे त्यांत त्याच्या जोड्यांची टांच उंच व लालभडक दिसते. ज्याला चिखलांत उतरावें लागत नाहीं, पायीं चालावें लागत नाहीं, हातानें काम करावें लागत नाहीं, त्याच्या पायाला ती शोभे; तिचा अर्थच तो होता. घोडा गेला, राजा गेला, पुरुषांनीं ती टाकून दिली, आणि ती स्त्रियांच्या पायाखालीं राहिली. आतां ती पेडगांवच्या सारवलेल्या अंगणांत भोंकें पाडीत आहे.

येथपर्यंत हा हंसण्यावारी नेण्याचा विषय आहे. परंतु एका देशांत नवरीच्या जोड्यांनीं असें रूप घेतलें होतें कीं त्यास हंसतां येत नाहीं. चीन देशांत शेंकडों वर्षें मुलींचे पाय लहानपणींच पट्ट्यांनीं आवळून मोडीत, कां कीं तीन-चार बोटांच्या भरतकामाच्या जोड्यांत जिचा पाय बसेल तिलाच चांगलें घर मिळे. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, पट्ट्या बांधणारी बहुतेक आईच असे. ती निर्दय नव्हती. लेकीचें लग्न होणार नाहीं या भीतीनें ती बांधी, आणि रात्रीं लेक रडली म्हणजे बहुधा तीही रडत असेल. १८७५ च्या सुमारास अमॉय बंदरांत लंडन मिशनच्या मॅकगोवान नांवाच्या पाळकानें तेथील ख्रिस्ती स्त्रियांस एकत्र करून, आम्ही आमच्या मुलींचे पाय बांधणार नाहीं, अशी शपथ घेवविली. ती चळवळ पुढें मिशनाबाहेर चिनी विद्वानांनीं चालविली, १९१२ सालीं नव्या प्रजासत्ताकानें बंदीचा हुकूम काढला, आणि तरीही खेड्यापाड्यांतून ती रूढि जावयास आणखी बरींच वर्षें लागलीं. या चळवळींत पुढें जें शहाणपण दिसून आलें तें आम्हांस विशेष वाटतें. मुलींचे पाय बांधणार नाहीं एवढ्यावर ते लोक थांबले नाहींत; बांधलेल्या पायांची सून आम्ही आमच्या मुलांस करणार नाहीं, अशीही शपथ ते घेऊं लागले. म्हणजे मुलीच्या आईला धीर द्यावयाचा तर मुलाच्या आईला आधीं गांठलें पाहिजे, हें त्यांस कळलें.

मुठीएवढ्या टांचेची तुलना आम्ही मोडलेल्या हाडांशीं करीत नाहीं. कोणी तसें म्हणेल तर तें अतिशयोक्तीचें होईल. परंतु पेडगांवच्या त्या घरांत मुलगी नको म्हणत होती, बाप गप्प होता, आई विहीणबाईंचें नांव घेत होती, आणि विहीणबाई फोटो काढणाऱ्याचें. तेव्हां ते बूट नेमके कोणाला हवे होते याचा शोध लावावयास बसल्यास मनुष्य सांपडत नव्हता. अशा गोष्टींत नेहमींच असें होतें. दुःख एकीच्या पायाला, आणि मागणारा कोणीच नाहीं.

नाहीं, एक मागणारी होती, आणि तिचें म्हणणें ऐकून आम्ही आमचे शब्द गिळले.

मुलीची आजी ऐंशीच्या घरांतली आहे. तिचें माहेर जालन्याकडचें. नारायण शेषाद्रि यांनीं एकोणिसाव्या शतकांत जालन्याजवळ बेथेल वसविलें, त्या वेळीं जीं मांग कुटुंबें पुढें आलीं त्यांपैकीं आपलें घराणें, असें ती अभिमानानें सांगते. ती दारांत बसून सर्व ऐकत होती. नात 'सपाट चप्पल' म्हणाली तेव्हां ती एकदम बोलली:

"सपाट वहाणा आमच्या नशिबाला व्हत्याच की. त्याबी हातात. माझी माय पाटलाच्या वाड्याम्होरून जाताना वहाणा काढून हातात घ्यायची, वाडा सरला की घालायची. मी लहान व्हते, म्या इचारलं, माय, पाय भाजत न्हाईत का? तर म्हणली, चाल गुमान. आता माझी नात टाक-टाक वाजवीत जाऊ दे. साऱ्या गावाला ऐकू जाऊ दे."

वाचकहो, यावर काय बोलावें? टांचेचा इतिहास आमच्या ओठांवर होता, तो तेथेंच राहिला. म्हातारीला टांच शोभेसाठीं नको होती. तिला आवाज हवा होता. जी वहाण तिच्या आईला गांवाच्या रस्त्यावर घालूं दिली नाहीं, ती नातीच्या पायांत सर्व गांवानें पाहावी, एवढेंच तिचें मागणें होतें. आणि तें मागणें जुनें झालें आहे असें कोणी समजूं नये. अनुसूचित जातीजमातींवरील अत्याचाराच्या १९८९ च्या कायद्यास २०१५ सालीं जी दुरुस्ती झाली व २६ जानेवारी २०१६ पासून जी अमलांत आली, तींत कोणकोणत्या गोष्टींस आडकाठी करणें हा गुन्हा आहे हें मोजून सांगितलें आहे. सार्वजनिक जागीं पायतण घालणें, नवे कपडे घालणें, लग्नाची वरात काढणें, वरातींत घोड्यावर बसणें, हीं सर्व त्यांत एकाच कलमांत शेजारीं शेजारीं बसलीं आहेत. एकविसाव्या शतकांत कायदेमंडळास पायतण आणि वरात हे शब्द लिहावे लागले, ते कोणी तरी अडवितें म्हणूनच ना? (१९५० च्या आदेशाप्रमाणें ख्रिस्ती झालेल्यांची गणना त्या यादींत होत नाहीं, हा निराळा आणि मोठा विषय आहे, त्यावर पुन्हां केव्हां तरी.)

तेव्हां प्रश्न असा उभा राहिला. नातीचा पाय सुखी असावा हें न्याय्य. आजीच्या आईचा अपमान भरून निघावा हेंही न्याय्य. आजपर्यंत आम्हांस वाटे कीं, सोय ही स्वार्थाची गोष्ट आणि मान ही थोर गोष्ट. दोहोंचा झगडा पडला तर सोयीनें माघार घ्यावी. त्या दिवशीं ओट्यावर बसून आम्ही पुन्हां विचार केला. आजीच्या आईचें काय हिरावलें होतें? वहाणेचें चामडें नव्हे. तें तर तिच्या हातांत होतें. आपल्या पायांत काय घालावें आणि केव्हां काढावें हें ठरविण्याचा अधिकार हिरावला होता. तो अधिकार नातीला द्यावयाचा असेल तर तो पुरा दिला पाहिजे. पाटील म्हणाला म्हणून काढ, आणि विहीण म्हणाली म्हणून घाल, यांत हुकूम देणारा बदलला एवढेंच. हें आम्हीं आजीला आमच्या पोथी भाषेंत सांगितलें. ती म्हणाली, "मास्तर, तुमचं बोलणं लई लांबचं. पोरीच्या पायात काय राहील ते सांगा."

इतक्यांत आणखी एक गोष्ट निघाली, ती आमच्या ध्यानांतच आली नव्हती. ज्या प्रार्थनामंदिरांत लग्न लागावयाचें होतें तेथें सर्व मंडळी सतरंजीवर बसते, आणि पायतणें दाराबाहेर काढते. बहुतेक खेड्यांतल्या मंडळ्यांचा हाच परिपाठ आहे, आणि तो चांगला आहे. मग नवरीनें काय करावें? शहरांत बांकें असतात, तेथें बूट घालूनच आंत जातात. एक वडील म्हणाले, त्या दिवसापुरती सूट द्यावी. दुसरे म्हणाले, मोशेला जळत्या झुडपापाशीं जोडे काढावयास सांगितले, मग नवरी काय मोशेहून मोठी? आजी हें ऐकून कष्टी झाली. "म्हणजे इथंबी काढायच्याच?" ती म्हणाली.

या तिच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या रात्रीं सुचलें नाहीं. नंतर सुचलें तें येथें लिहितों. मोशेला ज्या देवानें जोडे काढावयास सांगितले, त्याच देवाविषयीं प्रभूनें उधळ्या पुत्राचा दाखला दिला, आणि त्यांत बापानें परत आलेल्या मुलासाठीं झगा, अंगठी आणि पायांत जोडे आणविले. टीकाकार सांगतात कीं, त्या काळीं घरांत दास अनवाणी असे व मुलगा जोडे घाली; म्हणून जोडे देणें म्हणजे तूं दास नव्हेस असें सांगणें. आधीं मुलगा म्हणून पायांत जोडे घालून घेतले, तरच ते देवापुढें काढण्याला कांहीं अर्थ आहे. ज्याच्या पायांत कधीं असूंच दिले नाहींत त्यानें काढावें तरी काय? प्रार्थनामंदिराच्या दाराशीं पाटील जोडे काढतो, मांग काढतो, डॉक्टर काढतो, नवरी काढते. वाड्यापुढें एकटी आजीची आई काढीत होती, आणि वाड्यांतला घालून बसला होता. हा भेद आजीला पुढें सांगितला तेव्हां तिनें मान हलविली. पटला म्हणून हलविली कीं आमची कींव आली म्हणून, हें सांगतां येत नाहीं.

एवढें झाल्यावर काम सोपें झालें. नवरीला दारापर्यंत जोडे लागणार, आंत ती अनवाणी उभी राहणार, मग जेवणावळीस पुन्हां जोडे. तेव्हां टांचेच्या मापानें झगा ठेवला तर वचन घेण्याच्या ऐन वेळीं तो चार बोटें पायांत येऊन ती पडणार. झगा मावसबहिणीचा, कापतां येईना. म्हणून मुलीच्या आईनें खालची कड चार बोटें आंत दुमडून धांवदोरा घातला, लग्न झाल्यावर दोरा ओढून काढावा व झगा जसाच्या तसा परत करावा. मावशीला फोन करून बूट परत घेण्याविषयीं विनविलें. ती प्रथम रागावली. मग दुकानदारानें बदलून दुसरी वस्तु दिली असें कळलें. म्हणजे पैसे आले नाहींत, पण तिच्या घरांत एक जेवणाचा डबा आला. असो.

जोडे परभणीच्या बाजारांतील एका म्हाताऱ्या चर्मकारानें केले. हें आम्ही थोडें विस्तारानें सांगतों, कारण ज्यास पायाचें सुख पाहिजे त्यानें हें जाणून घ्यावें. त्यानें मुलीला सकाळीं परत पाठविलें आणि सांजेला बोलाविलें. उन्हानें व उभें राहण्यानें पाय दिवसभर फुगत जातो. सकाळच्या मापाचा जोडा लग्नाच्या दुपारीं चावणारच. बसवून नव्हे तर कागदावर दोन्ही पाय टेकवून, सर्व भार देऊन उभें करून त्यानें शिसपेन्सिल फिरविली, आणि दोन्ही पाय निराळे मोजले, कां कीं बहुतेकांचा एक पाय दुसऱ्याहून किंचित् मोठा असतो व जोडा मोठ्या पायाचा धरावा लागतो. आमच्या खेड्यांतल्या मुली लहानपणीं अनवाणी वाढतात. त्यांचीं बोटें पंख्यासारखीं फांकलेलीं असतात. दुकानांतला चोंचीचा बूट त्या बोटांना एकमेकांवर चढवितो. उंच टांच सर्व शरीराचा भार पुढच्या चवड्यावर ढकलते, पोटरी आखडते, आणि वर्षानुवर्षें असें चाललें म्हणजे आंगठ्याचा सांधा बाहेर येतो. हें तिनें, परिचारिकेनें, आम्हांस समजावून सांगितलें. म्हाताऱ्यानें कालबुतावर पुढचा भाग रुंद ठेवला, तळ बाभळीच्या सालीनें व हिरड्यानें कमावलेल्या म्हशीच्या चामड्याचा घेतला, टांचेखालीं दोन पदर जास्त दिले म्हणजे अगदींच सपाट नाहीं, अर्धें बोट उंच. वरून पांढरें कापड मढविलें. मावशीकडे झग्याचा जो तुकडा उरला होता तो तिनें राग गेल्यावर टपालानें धाडला. जोडा आणि झगा एका ताग्याचा झाला. मग त्यानें बजावलें कीं, आठ दिवस घरांत रोज थोडा वेळ घालून फिर. नवा जोडा लग्नाच्या दिवशीं पहिल्यांदा घालणारी ही लंगडणारच.

किंमत त्या चकचकीत बुटांच्या निम्म्याहून कमी. आमच्या लोकांना ती कमी वाटली हेंच त्यांना खटकलें, चांभाराकडून नवरीचे जोडे, असें कोणी तरी म्हणालें. हें ऐकून आम्हांस वाईट वाटलें. जातीची कुजबूज आमच्या मंडळ्यांतून अजून मेली नाहीं. आपणाला वाड्यापुढें काय सोसावें लागलें हें जो सांगतो, तोच रापी धरणाऱ्या हाताला नाक मुरडतो. याच मातींतल्या कोल्हापुरी चपलेला २०१९ सालीं भौगोलिक निर्देशांक मिळाला, महाराष्ट्राच्या चार व कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांस मिळून. आणि २०२५ सालीं इटलींतील एका मोठ्या कंपनीनें मिलान शहरीं तसल्याच वहाणा आपल्या म्हणून मांडल्या, गवगवा झाला तेव्हां त्या कोठल्या हें कबूल केलें. परदेशीं पायांत गेल्या म्हणजे त्या आम्हांस सुंदर वाटूं लागतात.

राहिली विहीणबाई. तिच्याकडे आम्ही जाणार होतों, परंतु त्याआधींच मुलीनें स्वतः नवऱ्या मुलास फोन करून सर्व सांगितलें होतें. तो म्हणाला, मी आईला बघतो, आणि त्यानें खरोखरच पाहिलें. फोटो काढणाऱ्याला सांगून त्यानें कांहीं चित्रें दोघांना खुर्चीवर बसवून काढविलीं. बसल्यावर उंची कोण मोजतो? ही युक्ति आमच्यापैकीं कोणाला सुचली नव्हती, हें कबूल केलें पाहिजे.

लग्न वैशाखांत लागलें. ऊन असें कीं दाराबाहेर पायतणें काढून दोन पावलें टाकणेंही कठीण, म्हणून पंचांनीं पायरीवर ओलें पोतें टाकलें होतें. नवरी गाडींतून उतरली, झगा दोन्ही हातांनीं किंचित् उचलून सावकाश चालत आली. अर्ध्या बोटाच्या टांचेचा फरशीवर थोडा आवाज होत होता. गांवाला ऐकूं जाईल इतका नाहीं, पण आजी दाराशींच उभी होती, तिला ऐकूं गेला असावा. पायरीशीं नवरीनें जोडे काढले आणि ती आंत गेली. वचनें तिनें स्पष्ट, मोठ्यानें म्हटलीं. शेवटच्या ओळींत बसलेल्या आम्हांस शब्दन् शब्द ऐकूं आला.

विधि चालला असतां आमची नजर आजीकडे गेली. ती सतरंजीवर मांडी घालून बसली होती, आणि मांडीवर पदराखालीं कांहीं तरी धरून होती. तिनें ते पांढरे जोडे बाहेर ठेवले नव्हते, आंत घेऊन आली होती. प्रार्थना संपल्यावर आम्हीं हळूच विचारलें, आजी, हे हातांत कां?

ती म्हणाली, "बाहेर कुत्री हाईत."